निकेलचा तुकडा, दोन स्ट्रेन गेज आणि एक कॉइल: मॅग्नेटोस्ट्रिक्शन स्वतः मोजायचं आणि डिव्हाइसपर्यंत न्यायचं कसं

मॅग्नेटोस्ट्रिक्शनवर प्रोजेक्ट घेतलेली मुलं पहिला प्रश्न हमखास विचारतात, टर्फेनॉल-डी कुठे मिळेल? आणि तिथेच दोन महिने जातात, कारण या खूप ताणल्या जाणाऱ्या मिश्रधातूचा रॉड महाग, मागवायची कटकट, आणि हातातून फरशीवर पडला तर संपलाच. माझं स्पष्ट मत आहे, आधी निकेल घ्या. निकेलमध्ये जे दिसतं ते सगळं टर्फेनॉलमध्ये दिसतं, फक्त आकडा लहान आणि दिशा उलटी असते, आणि लहान आकडा नीट मोजता आला की मोठा मोजायला काहीच लागत नाही.

थोडक्यात विषय असा. लोहचुंबकीय पदार्थाला चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की त्याची लांबी किंचित बदलते, यालाच मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात. जेम्स ज्यूलने १८४२ मध्ये हे लोखंडात पाहिलं. लोखंड आधी थोडं वाढतं आणि क्षेत्र फार वाढवलं की उलटं आखडायला लागतं, निकेल मात्र सुरुवातीपासून आखडतंच. पूर्ण सॅच्युरेशनला, म्हणजे क्षेत्र आणखी वाढवूनही बदल थांबतो तिथे, निकेल साधारण ३४ पीपीएम आखडतं, पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग, त्यामुळे एक मीटर लांब पट्टी ३४ मायक्रॉनने कमी होईल. उलटा परिणामही असतो, पदार्थावर ताण दिला की त्याचं चुंबकत्व बदलतं, त्याला विलारी इफेक्ट म्हणतात आणि बरेच सेन्सर त्याच्यावर चालतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक रिपोर्टमध्ये नसते. निकेलचं तापमानाने प्रसरण होतं एका अंशाला साधारण १३ पीपीएम. म्हणजे तुमचं सॅम्पल फक्त अडीच अंश तापलं तरी जेवढं मॅग्नेटोस्ट्रिक्शन मोजायचंय तेवढाच बदल उष्णतेने होतो, आणि तोही उलट्या दिशेने. कॉइलमधून तीन अँपिअर सोडले की आतली हवा दोन मिनिटांत अडीच अंशांच्या कितीतरी पुढे जाते. त्यामुळे "निकेल क्षेत्रात वाढतं" असा निष्कर्ष काढलेले प्रोजेक्ट दिसतात तेव्हा समजायचं की त्यांनी हीटर मोजलाय. पुढची सगळी पद्धत या एका शत्रूभोवती बांधलेली आहे.

सॅम्पल कुठून आणायचं

सर्वात सोपा मार्ग म्हणजे प्लेटिंगचं सामान विकणारे. निकेल प्लेटिंगसाठी शुद्ध निकेलचे अ‍ॅनोड लागतात, पट्टीच्या किंवा तुकड्यांच्या रूपात मिळतात, आणि शुद्धता आपल्याला हवी त्याहून चांगलीच असते. लिथियम बॅटरी पॅकमध्ये स्पॉट वेल्डिंगला वापरतात ती ०.१५ मिमी पट्टीसुद्धा चालते पण ती मोजण्यासाठी फार पातळ पडते, हात लावला की वाकते, आणि बाजारात बराच माल निकेल मुलामा दिलेलं स्टील असतं. ओळखायचं सोपं आहे, कटरने खोल ओरखडा काढा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, स्टील असेल तर ओरखड्यावर गंज दिसतो. वेल्डिंगच्या दुकानातला निकेलचा टिग रॉड टाळा, त्यात दोन-तीन टक्के टायटॅनियम मुद्दाम घातलेलं असतं.

दोन तुकडे करून घ्या. एक पट्टी, ६० मिमी लांब, १० मिमी रुंद, १ मिमी जाड. आणि एक गोल चकती, २० मिमी व्यासाची, १ मिमी जाड. वायरकटवाल्याकडे दिलं तर काठ स्वच्छ येतात आणि तुकडा तापत नाही. दोन्ही कशाला ते पुढे येईलच. त्याच मापाची एक पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकती आणि पट्टीही कापून घ्या, ती विसरू नका, ती नसेल तर तुमच्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

कापलेल्या आणि रोल केलेल्या निकेलमध्ये आत ताण अडकलेले असतात आणि त्यामुळे वळण (क्षेत्राप्रमाणे लांबी कशी बदलते त्याचा ग्राफ) हवं तसं येत नाही. कॉलेजमध्ये व्हॅक्यूम किंवा आर्गनची भट्टी असेल तर ८०० अंशाच्या आसपास तासभर ठेवून सावकाश थंड करा. भट्टी नसेल तर तसंच मोजा पण रिपोर्टमध्ये "अ‍ॅनील न केलेलं" असं लिहा.

गेज चिकटवणं

साडेतीनशे ओहमचे कॉन्स्टंटनचे फॉइल स्ट्रेन गेज घ्या, ते ताणले की त्यांचा रेझिस्टन्स बदलतो, बीएफ३५० नावाने ऑनलाइन मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतही विचारून पाहायला हरकत नाही. गेज फॅक्टर, म्हणजे रेझिस्टन्समधला सापेक्ष बदल स्ट्रेनच्या (लांबीतल्या सापेक्ष बदलाच्या) किती पट, तो दोनच्या आसपास असतो, पाकिटावर लिहिलेला आकडा जपून ठेवा, फेकून देऊ नका.

पृष्ठभाग आधी चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने ४५ अंशात आडवाउभा घासायचा, आरशासारखा करायचा नाही, गोंदाला पकड लागते. मग एसीटोनने पुसायचं, आणि पुसताना एकाच दिशेने, कापसाचा बोळा प्रत्येक वेळी नवा, जोपर्यंत तो काळा येणं थांबत नाही तोपर्यंत. त्यानंतर बोट लावायचं नाही. गेज सेलोटेपवर उलटा उचलायचा, जागेवर बसवायचा, टेप अर्धी उचलायची, फेविक्विकचा अगदी छोटा थेंब, टेप परत खाली, त्यावर टेफ्लॉनचा तुकडा ठेवून अंगठ्याने एक मिनिट दाबून धरायचं. थेंब मोठा पडला की गोंदाचा जाड थर होतो आणि स्ट्रेन गेजपर्यंत पूर्ण पोचत नाही. नंतर मल्टिमीटरने गेज आणि धातू यांच्यामधला रेझिस्टन्स बघा, तो ओपन यायला हवा, काही मेगाओहम दाखवत असेल तर ओलावा आहे किंवा सोल्डर टेकलंय.

चकतीवर दोन गेज लावायचे, एक वरच्या बाजूला आणि दुसरा खालच्या बाजूला, पण दुसरा पहिल्याला काटकोनात. पट्टीवरही तसंच, एक लांबीत एक आडवा. यातच सगळी युक्ती आहे. हे दोन्ही गेज व्हीटस्टन ब्रिजच्या (चार रेझिस्टरच्या चौकोनी सर्किटच्या) शेजारच्या हातांत जोडले की ब्रिज त्यांच्यातला फरक मोजतो. उष्णतेचं प्रसरण सगळ्या दिशांना सारखं असतं, म्हणून ते वजा होऊन जातं, आणि मॅग्नेटोस्ट्रिक्शन मात्र लांबीत एक चिन्हाचं आणि आडवं उलट चिन्हाचं, साधारण अर्ध्या आकाराचं असतं, म्हणून ते बेरीज होऊन येतं. शत्रू गेला आणि सिग्नल दीडपट झाला, पैसे मात्र एका गेजचेच वाढले.

ब्रिज आणि वाचन

ब्रिजचा उरलेला अर्धा भाग साडेतीनशे ओहमचाच हवा असं काही नाही, ०.१ टक्क्याचे दोन सारखे १ किलोओहमचे मेटल फिल्म रेझिस्टर पुरतात. वाचायला एचएक्स७११ चं मॉड्युल (बारीक व्होल्टेज मोठं करून आकड्यात बदलणारी चिप) आणि अर्डुइनो. हे मॉड्युल वजनकाट्यासाठी बनलेलं आहे म्हणून लोक त्याला हसतात, पण आपल्या कामाला ते छान बसतं. हिशोब बघा. निकेलमध्ये दोन्ही गेजचा फरक साधारण ५१ पीपीएम, गेज फॅक्टर २, ब्रिजला ४.२ व्होल्ट, तर सिग्नल येतो साधारण १०७ मायक्रोव्होल्ट. एचएक्स७११ चा स्वतःचा नॉइझ सेकंदाला दहा सॅम्पलच्या मोडमध्ये ५० नॅनोव्होल्टच्या आसपास. आणि त्याच मोडमध्ये तो ५० हर्ट्झचा मेन्सचा गोंगाट दाबतो, त्यामुळे ऐंशीच्या मोडवर जायचा मोह आवरा.

वायर गेजपासून मॉड्युलपर्यंत पिळ घालून न्या आणि आखूड ठेवा. कॉइलचा पॉवर सप्लाय आणि ब्रिजचा ग्राउंड एकत्र जोडू नका, अर्डुइनो लॅपटॉपच्या बॅटरीवर चालवा. चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं सोडून द्या, गेज स्वतःही थोडे तापतात आणि ते स्थिर व्हायला वेळ लागतो. सॅम्पलवर पंखा, एसी काही नको, वरून कापूस किंवा थर्माकोलचा डबा ठेवला तर रीडिंग ताबडतोब शांत होतं.

कॅलिब्रेशन शंट रेझिस्टरने करायचं. एका गेजच्या पॅरलल १.८ मेगाओहम लावला की गेजचा रेझिस्टन्स जेवढा कमी होतो तो ९७ पीपीएम स्ट्रेनच्या बरोबरीचा असतो. गेज फॅक्टर वेगळा असेल तर त्या प्रमाणात बदला. लावा, काढा, लावा, काढा, काउंटमधला फरक बघा, झालं कॅलिब्रेशन. वजनं लटकवून काही करायची गरज नाही.

पहिला प्रयोग: कॉइल न वापरता

इथे बरेच जण चमकतात. सॅच्युरेशनचा आकडा काढायला कॉइल वापरूच नका. दोन मोठे निओडिमियम ब्लॉक, ५० × ५० × २५ मिमीच्या जवळपासचे, लोखंडी यू आकाराच्या फ्रेममध्ये समोरासमोर, मध्ये ३० मिमी जागा. हे ब्लॉक एकमेकांवर आदळले तर बोट चिरडतं, म्हणून आधी फ्रेमला चिकटवा, लाकडी फाचर मध्ये घालून, आणि हे काम एकट्याने करू नका.

चकती या जागेच्या मध्यभागी लाकडी किंवा अ‍ॅक्रिलिकच्या स्टँडवर सैल ठेवा, घट्ट पकडू नका नाहीतर तिला आखडता-पसरता येणार नाही, पण मॅग्नेटकडे सरकू नये एवढा एक खड्डा किंवा कडा द्या. मग चकती तशीच ठेवून फ्रेम तिच्याभोवती फिरवा, दर १५ अंशाला थांबून रीडिंग घ्या, पूर्ण ३६०. फिरवताना काही तापत नाही, काही बदलत नाही, फक्त क्षेत्राची दिशा फिरते.

ग्राफ काढला की एका फेरीत दोन लाटा दिसतात, कारण मॅग्नेटोस्ट्रिक्शनला उत्तर-दक्षिण कळत नाही, दिशेची रेघ तेवढी कळते. दोन गेजच्या फरकाची ही लाट वरून खालपर्यंत मोजली की ती सॅच्युरेशन मॅग्नेटोस्ट्रिक्शनच्या तिप्पट भरते. निकेलला साधारण १०० पीपीएम यायला हवी. ७० ते ११० मध्ये आलात तर बरोबर रस्त्यावर आहात, खाली येत असेल तर गोंद, वर येत असेल तर गेज फॅक्टर किंवा शंटचा हिशोब परत तपासा. एका फेरीत एकच लाट दिसली तर ते मॅग्नेटोस्ट्रिक्शन नाही, चकती मॅग्नेटकडे ओढली जाऊन वाकतेय.

या पद्धतीचा दुसरा मोठा फायदा असा की सॅम्पल आधी कुठल्या चुंबकीय अवस्थेत होतं याने फरक पडत नाही. कॉइलमध्ये शून्यापासून सुरू करून जो स्ट्रेन मिळतो तो सुरुवातीला डोमेन (एकाच दिशेने चुंबकलेले छोटे भाग) कसे पडले होते यावर अवलंबून असतो, आणि रोल केलेल्या पट्टीत ते सगळीकडे सारखे कधीच नसतात. म्हणून पुस्तकातलं सूत्र, लॅम्डा = (२/३) × (क्षेत्र लांबीत असतानाचा स्ट्रेन − क्षेत्र आडवं असतानाचा स्ट्रेन), हे फिरवूनच वापरायचं असतं.

आणि आता पितळेची चकती. तेच गेज, तोच गोंद, तीच फेरी. सरळ रेघ आली पाहिजे. नाही आली तर निकेलच्या ग्राफमध्येही तेवढा खोटेपणा आहे.

दुसरा प्रयोग: कॉइल, आणि पूर्ण वळण

सॅच्युरेशनचा आकडा डिव्हाइस बनवणाऱ्याला तसा फार कामाचा नसतो. त्याला हवं असतं की क्षेत्र थोडं बदललं तर लांबी किती बदलते, म्हणजे वळणाचा उतार, आणि तो कुठे सगळ्यात तीव्र आहे. त्यासाठी कॉइल लागते.

इलेक्ट्रिशियनचा २० मिमी पीव्हीसी कंड्युइट पाइप घ्या, त्यावर १५० मिमी लांबीत ०.८ मिमीची वाइंडिंग वायर सहा थरांत, एकूण हजार-एक वेढे. रेझिस्टन्स पावणेतीन ओहम येतो. ३ अँपिअरला क्षेत्र साधारण २० किलोअँपिअर प्रति मीटर, जुन्या एककात अडीचशे ओर्स्टेड, आणि लागतात आठेक व्होल्ट. पण त्यात २५ वॉट उष्णता होते. पट्टीसाठी हे क्षेत्र पुरतं. चकती मात्र यात घालू नका, आखूड आणि रुंद तुकड्याची टोकं स्वतःच उलटं क्षेत्र तयार करतात, २० मिमीच्या चकतीला तेच वीस-बावीस किलोअँपिअर प्रति मीटर होतं, म्हणजे कॉइलचं सगळं क्षेत्र तिथेच संपलं. लांब पट्टी म्हणूनच घेतली.

प्रत्येक वळणाआधी पट्टी डीमॅग्नेटाइज करायची. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ऑटोट्रान्सफॉर्मर), त्याच्या पुढे १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या पुढे कॉइल, आणि डिमरस्टॅट हळूहळू शून्यावर आणायचा. डिमरस्टॅट थेट कॉइलला जोडायचा नाही, त्याला मेन्सपासून आयसोलेशन नसतं आणि कॉइलवर हात ठेवलेला असतो आपला. जाडी १ मिमी ठेवण्याचं कारणही इथेच आहे, ५० हर्ट्झचं क्षेत्र निकेलमध्ये साधारण मिलिमीटरभरच आत शिरतं.

मग करंट पायरीपायरीने, ०.१, ०.२, ०.३ असं सुरुवातीला बारीक आणि पुढे मोठ्या पायऱ्या. प्रत्येक पायरीला करंट दोन-तीन सेकंद चालू ठेवा, दोन वाचनं, आणि पुढे जा. उष्णता हळू येते आणि मॅग्नेटोस्ट्रिक्शन लगेच, या फरकाचा फायदा घ्यायचा. काटकोनातले गेज उष्णता वजा करतात हे खरं पण दोन गेज तंतोतंत सारखे नसतात, वरची बाजू खालच्यापेक्षा लवकर तापते, थोडं काहीतरी उरतंच. दर दहा वाचनांनंतर कॉइल गार होऊ द्या, पाइपमध्ये एखादा थर्मोकपल किंवा डीएस१८बी२० तापमान सेन्सर सोडून ठेवला तर उत्तम.

वर ३ अँपिअरपर्यंत जा, परत शून्यावर या, मग करंट उलटा करा. उलटा करायला डीपीडीटी स्विच चालतो पण करंट शून्य असतानाच फिरवा, चालू कॉइल तोडली की तिच्या टोकांवर चांगलाच झटका येतो. पूर्ण फेरी झाली की ग्राफ फुलपाखरासारखा दिसतो, डावा पंख उजव्याचा आरसा. दोन्ही पंख सारखे नसतील तर जो विषम भाग आहे तो मॅग्नेटोस्ट्रिक्शन नाहीच, कॉइलचा करंट कुठूनतरी ब्रिजमध्ये घुसतोय, बहुतेक वेळा ग्राउंडमधून. मात्र लक्षात ठेवा, उष्णता दोन्ही बाजूंना सारखीच असते, त्यामुळे पंख जुळले म्हणून उष्णता नाही असं होत नाही, त्याला पितळेची पट्टीच विचारावी लागते.

आता ग्राफचा उतार काढा. शून्य क्षेत्राला तो जवळपास शून्य असतो, मध्ये कुठेतरी सर्वात तीव्र होतो, आणि सॅच्युरेशनकडे परत झोपतो. तो मधला बिंदू म्हणजे तुमचा बायस पॉइंट. हे एक कळलं की डिव्हाइसचं अर्धं काम झालं.

बायस, प्रीस्ट्रेस आणि डिव्हाइस

बायस नसताना एसी दिला तर काय होतं ते आपल्या रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहून ऐका. गुणगुण येते ती ५० हर्ट्झची नसते, १०० ची असते, कारण क्षेत्र वर गेलं काय आणि खाली गेलं काय, सिलिकॉन स्टीलला दोन्ही वेळा सारखंच ताणलं जायचं असतं. अ‍ॅक्च्युएटर किंवा ट्रान्सड्युसरला हे नको असतं, म्हणून कायमस्वरूपी मॅग्नेट किंवा डीसी करंट देऊन आपण वळणाच्या तीव्र भागावर जाऊन बसतो आणि तिथून थोडं मागेपुढे करतो. मग फ्रीक्वेन्सी दुप्पट होत नाही आणि मिळणारी हालचालही जास्त असते.

निकेलचा अल्ट्रासोनिक ट्रान्सड्युसर बनवायचा असेल तर बॅटरीची ती ०.१५ मिमी पट्टी इथे कामाला येते. वीस किलोहर्ट्झला क्षेत्र निकेलमध्ये साधारण ०.१ मिमीच आत जातं, जाड ठोकळा घेतला तर आतलं निकेल नुसतं बसून राहतं आणि बाहेरचं तापतं. म्हणून पातळ पट्ट्यांचा गठ्ठा, मध्ये वार्निशचा पातळ थर. लांबी अर्ध्या तरंगाएवढी, निकेलमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ४८०० मीटर, म्हणजे २० किलोहर्ट्झला १२० मिमी आणि २५ ला ९६ मिमी. मध्यावर पकडायचं, कारण तिथे हालचाल नसते, टोकं मोकळी. दात साफ करायच्या मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह स्केलरमध्ये हेच असतं, निकेलच्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा, २५ किंवा ३० किलोहर्ट्झ, आणि तोंडात उडणारं पाणी त्या गठ्ठ्यालाही गार ठेवतं.

टर्फेनॉल-डीकडे आता या. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत आर्थर क्लार्क यांच्या गटाने हे मटेरियल सत्तरच्या दशकात विकसित केलं, सोनारसाठी. टर्बियम आणि लोखंडाचं संयुग प्रचंड ताणलं जातं पण त्याचं चुंबकत्व फिरवायला भयंकर क्षेत्र लागतं, डिस्प्रोशियमचा कल नेमका उलटा असतो, दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले, साधारण ३० ला ७०, की तो हट्ट एकमेकांत मिटतो आणि लांबीतली वाढ मात्र राहते. हजार पीपीएमच्या वर सहज मिळतात, म्हणजे १०० मिमीच्या रॉडला ०.१ मिमी. डोळ्याने नाही पण साध्या डायल गेजवर दिसतं. भारतात हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने या मटेरियलवर काम केलंय.

पण त्याला प्रीस्ट्रेस (आधीच दिलेला दाब) दिल्याशिवाय वापरायचं नाही. ओढलेलं त्याला सहन होत नाही, आणि दाबून ठेवल्यावर डोमेन आडवे पडतात, मग क्षेत्र दिलं की ते सगळे एकदम लांबीत वळतात आणि हालचाल वाढते. सात ते दहा मेगापास्कल हा नेहमीचा आकडा. १० मिमी व्यासाच्या रॉडला ८ मेगापास्कल म्हणजे साधारण ६३० न्यूटन, चौसष्ट किलो वजन, तेवढं डिस्क स्प्रिंगने आणि नटाने द्यायचं. साधी कडक बोल्टिंग करू नका, कडक बोल्ट रॉडला वाढूच देत नाही, स्प्रिंग मऊ हवी म्हणजे रॉड वाढला तरी दाब फारसा बदलत नाही. निकेलच्या बाबतीत उलटं, ते आखडणारं आहे, त्याला ताणून ठेवलं तर फायदा होतो, हा फरक परीक्षेत विचारला तर बरीच मुलं चुकतात.

मधला पर्याय गॅल्फेनॉल, लोखंडात १८-१९ टक्के गॅलियम. टर्फेनॉलच्या तुलनेत ताणलं जातं बरंच कमी, पण थोड्या क्षेत्रात काम होतं, लेथवर कापता येतं, ओढलं तरी तुटत नाही. ज्याला यंत्राच्या भागातच सेन्सर बसवायचाय त्याने हे बघावं. आणि दुर्मिळ मृदा धातू नकोच असतील तर कोबाल्ट फेराइट, साधं सिरॅमिक, एडी करंटची (बदलत्या क्षेत्राने धातूत आपोआप फिरणाऱ्या करंटची) चिंता नाही, शे-दोनशे पीपीएमपर्यंत जातं. पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून सिंटरिंग आणि दाण्यांचा आकार बदलून त्याचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन वाढवण्यावर चांगलं काम आलंय. फक्त त्याला आपल्या पीव्हीसीच्या कॉइलचं क्षेत्र अजिबात पुरत नाही, इलेक्ट्रोमॅग्नेटच लागतो.

सेन्सर करायचा असेल तर

बाजारात खूप चालणारा एक मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह सेन्सर कदाचित तुमच्या जवळच्या पेट्रोल पंपाच्या जमिनीखाली आहे. टाकीत उभा प्रोब, आत एक तार, बाहेर मॅग्नेट असलेले दोन फ्लोट, एक पेट्रोलवर आणि एक तळाच्या पाण्यावर. तारेतून करंटचा पल्स सोडला की फ्लोटच्या जागी तारेला पीळ बसतो, तो पीळ सेकंदाला २८०० मीटरच्या आसपास वेगाने वर येतो, आणि किती वेळाने आला यावरून फ्लोटची जागा कळते. एक मायक्रोसेकंद म्हणजे २.८ मिमी, त्यामुळे इथे मटेरियलपेक्षा टायमिंगच्या सर्किटची परीक्षा असते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी इथेनॉलला ओढून घेतं, तळाच्या थराची घनता बदलते, आणि पाण्याचा जुना फ्लोट त्यावर नीट तरंगेलच असं नाही, त्यासाठी वेगळ्या घनतेचे फ्लोट करावे लागतात.

घरी करण्यासारखा सेन्सर मात्र दुसरा आहे. विकत घेतलेल्या वस्तूच्या पॅकिंगमध्ये चोरी पकडायचा पांढरा, फुगीर, आयताकृती टॅग कधीतरी येतो, साडेचार सेंटिमीटर लांब. तो ५८ किलोहर्ट्झचा. ब्लेडने कापून उघडा, आत दोन-तीन चमकदार, पातळ अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या धातूच्या) पट्ट्या सुट्या पडलेल्या मिळतील आणि चिकटवलेली एक जाडसर पट्टी, ती बायसचा मॅग्नेट. चमकदार पट्ट्या वाकवू नका.

प्लास्टिकच्या जाड स्ट्रॉवर शंभर वेढ्यांची कॉइल, शेजारी तशीच दुसरी, एकीला फंक्शन जनरेटर आणि दुसरीला स्कोप. पट्टी आत सैल सोडा, बाहेरून बायसची पट्टी जवळ आणा, आणि फ्रीक्वेन्सी ५० पासून ६५ किलोहर्ट्झपर्यंत हळू सरकवा. सिग्नल आधी सपाट, मग एकदम उंच उडी, आणि लगेच खाली. जनरेटर बर्स्ट मोडवर ठेवला तर बर्स्ट संपल्यावरही पट्टी क्षणभर वाजत राहते, दुकानाच्या दारातलं मशीन तेच ऐकत असतं. बायसची पट्टी मागेपुढे केली की रेझोनन्स सरकतो, कारण क्षेत्र बदललं की पट्टीची लवचिकताच बदलते. काउंटरवर टॅग बंद करतात तेव्हा नेमकी ही बायसची पट्टी डीमॅग्नेटाइज करतात.

यातून वजनाचा सेन्सर होतो. ३८ मिमी लांब, ६ मिमी रुंद, २५ मायक्रॉन जाड पट्टीचं वजन साधारण ४५ मिलिग्रॅम. तिच्यावर १ मिलिग्रॅम काहीतरी सारखं पसरलं, नेलपॉलिशचा पातळ हात दिला तरी चालेल, की फ्रीक्वेन्सी साधारण एक टक्क्याने, म्हणजे सहाशे-साडेसहाशे हर्ट्झने खाली येते. पॉलिश पूर्ण वाळल्यावरच मोजा, ओलं असताना पीक रुंद आणि ठेंगणा येतो. बायसची पट्टी दोन्ही वेळा त्याच अंतरावर, टेपने पक्की केलेली हवी, नाहीतर वजनाने सरकलं की बायसने हे कळायचं नाही. या पट्टीवर ओलावा शोषणारं किंवा एखादं रसायन पकडणारं कोटिंग दिलं की तोच सेटअप वायर न लावता बंद डब्यातून वाचता येतो, फक्त डबा धातूचा नको.